इंदूरचे यशवंतराव होळकर : वेगाचे वेड आणि निगेचा हिशेब

नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या रस्त्याला सावनेर येथे दोन फाटे फुटतात. एक सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे चढतो. दुसरा पांढुर्णा, मुलताई आणि बैतूल अशी गावे घेत सातपुड्याच्या पलीकडे उतरतो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा आहेत, पाट्या हिंदीत आहेत आणि घराघरांत मराठी आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहूनही मराठी घरचीच कशी राहते, हे गोव्यातील वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्ण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 47 पुढे थेट इंदूरला पोहोचतो. मध्य प्रदेशातील मराठी माणसाचे एक टोक पांढुर्णा-सौंसरला असेल, तर दुसरे इंदूरला आहे.

ही दोन टोके एका राज्यात आली ती 1 नोव्हेंबर 1956 रोजी. तोवर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर होते, तर इंदूर मध्य भारत राज्यात होते. पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, संत्र्यांचा हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला आणि इंदूर त्याला येऊन मिळाले. आदल्याच दिवशी मध्य भारताच्या उपराजप्रमुखपदावरून एक मराठी संस्थानिक कायमचे पायउतार झाले होते. त्यांचे नाव महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे.

लोकांच्या बोलण्यात त्यांचे नाव आजही येते, ते बहुधा त्यांच्या मोटारींच्या, महालाच्या आणि क्रिकेट संघाच्या निमित्ताने. त्यांच्या मोटारींमधील एक तर शर्यतीच्या मैदानात घडलेले यंत्र होते. त्या यंत्राची घडण समजून घेतली की तिच्या मालकाच्या आयुष्यावरही निराळा प्रकाश पडतो.

यशवंतरावांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 रोजी इंदूरला झाला. मल्हारराव आणि अहिल्याबाई यांच्या घराण्याची गादी तेव्हा त्यांचे वडील तुकोजीराव, तिसरे, यांच्याकडे होती. मुलाच्या वाट्याला ती गादी फार लवकर आली आणि आली तीही काळोख्या वाटेने. जानेवारी 1925 मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्यांचा खून करण्यात आला. हल्लेखोरांना हवी होती ती त्यांच्यासोबत असलेली मुमताज बेगम. ती इंदूर दरबारातून निघून आलेली नर्तकी होती. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जायचे की गादी सोडायची, असा पेच इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे टाकला. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी पदत्याग केला. यशवंतरावांचे वय त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते.

कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे गेला आणि तरुण महाराज शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये राहिले. चीम आणि चार्टरहाऊस या शाळांनंतर ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय, असा त्यांचा शिक्षणक्रम होता. कागलच्या घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह 1924 मध्येच झाला होता. शरीराने सडपातळ, बोलण्यात मितभाषी आणि वेशभूषेत अतिशय नीटनेटके असे हे दांपत्य त्या काळच्या पॅरिसमधील कलावंतांना फार भावले. मॅन रे यांनी त्यांची छायाचित्रे टिपली. बर्नार्ड बुते द मोन्व्हेल या चित्रकाराने यशवंतरावांना एकदा पाश्चात्य पोशाखात आणि काही वर्षांनी मराठेशाही पेहरावात रंगविले. एकाच माणसाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की त्यांच्या आयुष्यातील ओढाताण वेगळी सांगावी लागत नाही.

ऑक्सफर्डमध्येच त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी झाली. दोघेही विशीत होते. 1930 मध्ये यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच सुमारास इंदूरला माणिकबाग महालाची उभारणी सुरू झाली. घुमट, कमानी आणि झुंबरे हे संस्थानी थाटाचे ठरलेले शब्द या महालाने बाजूला ठेवले. सरळ रेषा, पोलाद, काच, वातानुकूलित दालने आणि रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए यांच्यासारख्यांनी घडविलेले सामान, असा तो संसार होता. 1933 च्या सुमारास तो पुरा झाला. युरोपातही तेव्हा अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

मोटारींची निवडही याच दृष्टीने होत असे. संस्थानिकांच्या मोटारी म्हणजे चांदीने मढविलेल्या, शिकारीला किंवा मिरवणुकीला निघणाऱ्या, असा सर्वसाधारण समज आहे. यशवंतरावांना मात्र मोटारीच्या पोटात काय आहे, याचे आकर्षण अधिक होते. 1935 मध्ये त्यांनी मागविलेली ड्यूसेनबर्ग एसजे ही त्या आकर्षणाची सर्वोच्च खूण होय.

या मोटारीचे कुळ शर्यतीचे. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले भाऊ. त्यांच्या मोटारीने 1921 मध्ये ल मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिंकली. अमेरिकी मोटारीने युरोपातील ही मानाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या मोटारीला चारही चाकांवर द्रवदाबाने चालणारे ब्रेक होते आणि वळणापाशी इतरांपेक्षा उशिरा वेग कमी करण्याची मुभा चालकाला त्यामुळेच मिळाली. पुढे 1924, 1925 आणि 1927 या तीन वर्षी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही ड्यूसेनबर्गने मारली. शर्यतीत शिकलेले सारे भावांनी 1928 च्या अखेरीस सादर केलेल्या जे या मोटारीत ओतले. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट, जवळपास सात लिटरचे इंजिन आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 265 अश्वशक्ती! नुसत्या सांगाड्याची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. त्या काळी फोर्डची अख्खी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे.

एसजे ही तिची आणखी तापट बहीण. इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर तिला जोडलेला होता. जितकी हवा अधिक, तितके इंधन अधिक जळते आणि तितकी शक्ती वाढते, हे त्यामागचे साधे तत्त्व. शक्ती 320 अश्वांवर गेली आणि वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे. ऑगस्ट 1935 मध्ये अॅब जेंकिन्स या चालकाने याच जातीच्या इंजिनाची खास मोटार बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर चोवीस तास पळविली आणि ताशी सुमारे 135 मैलांची, म्हणजे 217 किलोमीटरची सरासरी राखून विक्रम केला. हीच मोटार जेंकिन्स यांनी पुढे साध्या रस्त्यांवरही वापरली. दिवसा विक्रम करायचा आणि त्याच गाडीने घरी जायचे, ही कल्पना ज्यांना भुरळ घालते, त्यांच्यासाठी ड्यूसेनबर्ग हे आद्यदैवतच म्हणावे लागेल.

या दैवताची दुसरी बाजूही जगाने पाहिली होती. जुलै 1932 मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ, ओल्या रस्त्यावर सुपरचार्जरच्या मोटारीला अपघात झाला आणि काही आठवड्यांतच तिचे निर्माते फ्रेड ड्यूसेनबर्ग यांचे निधन झाले. यंत्र ज्याने घडविले, त्यालाही ओला रस्ता सवलत देत नाही, ही गोष्ट मोटारप्रेमींच्या विस्मरणात जाऊ नये.

यशवंतरावांसाठी निवडलेला लांब सांगाडा अमेरिकेतून लंडनला आला. चेल्सीमधील गर्नी नटिंग या प्रख्यात कोचबिल्डरने त्यावर कवच चढविले. बोनेट इतके लांब की दोन माणसांची बैठक जवळजवळ मागच्या चाकांपाशी सरकलेली. मागचा भाग होडीच्या टोकासारखा निमुळता. रंग केशरी आणि काळा. एवढ्या अवाढव्य मोटारीत मुख्य जागा दोघांचीच. नोकरचाकर, हुजरे, सामान यांचा विचार त्या आराखड्यात नव्हता. चालविणारा आणि शेजारचा माणूस, एवढेच जग तिने गृहीत धरले होते. दरबारी शिष्टाचारात वाढलेल्या एका महाराजाने अशी मोटार मागवावी, यातच बरेच काही आले.

आता तिच्या निगेविषयी. शर्यतीच्या वंशातील कोणत्याही मोटारीचे तेलपाणी हा हौसेचा भाग नसून तिच्या आयुष्याची अट असते. उष्णतेने तेल पातळ होते, धूळ तेलात मिसळली की बेअरिंगा झिजतात आणि व्हॉल्व्हची फट केसभर चुकली तरी इंजिनाचा सूर बिघडतो. ड्यूसेनबर्ग भावांनी हे जाणले होते. म्हणून मोटारीच्या सांध्यांना ठरावीक अंतराने आपोआप वंगण पोहोचविणारा पंप त्यांनी इंजिनाशी जोडला होता. चालकासमोरच्या फळीवर छोटे दिवे होते. सातशे मैल पुरे झाले की तेल बदला म्हणून एक दिवा लागे. चौदाशे मैलांनंतर बॅटरीचे पाणी पाहा म्हणून दुसरा. इंदूरहून आग्रा रोडने महू, नर्मदेकाठचे खलघाट, सेंधवा, धुळे आणि नाशिक करीत मुंबई गाठायची आणि परतायचे, म्हणजे जवळपास सातशे मैलांचा पल्ला होतो. अशा मोटारीला मुंबईची एकच खेप घडली की तिचा तेलाचा दिवा लागायचाच!

ब्रेकसाठीही फळीवर एक मूठ होती. रस्ता कोरडा, पावसाळी, बर्फाळ की गोठलेला, त्याप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-अधिक करता येई. माळव्यात शेवटच्या दोन खुणांचा उपयोग शून्य. पण पावसाळी खुणेचे मोल मोठे. माळव्याची काळी माती पहिल्या सरीबरोबर फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. खडी-मुरुमाच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात. अशा मुलखात अडीच टनांच्या आसपास वजनाची, अरुंद टायरांची आणि दोनशेचा वेग पोटात असलेली मोटार चालविणे म्हणजे तिच्या शक्तीला लगाम घालण्याचीच कसरत. वेगवान मोटारीचा खरा मालक कोण, हे तिच्या सर्वाधिक वेगावरून ठरत नाही. गाडी सुटण्याआधी टायरमधील हवा, तेलाची पातळी आणि ब्रेकचा दाब कोण तपासतो, त्यावरून ठरते. आज ट्रॅकवर गाडी नेणारे तरुणही याच यादीपासून सुरुवात करतात.

संस्थानालाही असेच तेलपाणी लागते. ते काम बराच काळ सर सिरेमल बापना या कर्तबगार दिवाणांनी सांभाळले. 1926 पासून 1939 पर्यंत कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे होती. महाराजांचा मुक्काम वर्षातील कित्येक महिने परदेशात असे. त्यावरून इंग्रज अधिकारी कुरकुरत आणि प्रजेलाही ते रुचत नसे. या टीकेत तथ्य होते. यशवंतरावांना उत्तम ते ओळखण्याची विलक्षण दृष्टी होती. रोजच्या, कंटाळवाण्या देखरेखीची गोडी मात्र तितकी नव्हती. तरीही त्यांच्या काळात गंभीर नदीवर यशवंतसागर उभा राहिला आणि वाढत्या इंदूरला पाण्याचा आधार मिळाला.

1937 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निष्ठुर ठरले. जुलैमध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. त्या पंचविशीच्याही आत होत्या. कन्या उषाराजे चौथ्या वर्षात होती. त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूसेनबर्गचा कारखानाही बंद पडला. त्यानंतर जगभरातील त्या मोटारींचे आयुष्य त्यांच्या मालकांच्या पदरच्या कारागिरांवरच अवलंबून राहिले. कारखान्यातून सुटा भाग मागविण्याची सोय संपली, की मोटार केवळ विकत घेतलेली वस्तू राहत नाही. ती जबाबदारी होते.

महाराणींच्या निधनाने आणखी एक स्वप्न विरले. रुमानियात जन्मलेले थोर शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांच्याकडून यशवंतरावांनी अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे घेतली होती. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याचा बेत होता. त्या कामासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन राहिले. परंतु महाराजांचे मन त्यातून उडाले होते. शिल्पकार हात हलवत परतले आणि मंदिर कागदावरच राहिले.

पुढे यशवंतरावांनी दोन विवाह केले. दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या. 1944 मध्ये त्यांना पुत्र झाला. या काळात त्यांचे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीने वेधले आणि तिथे त्यांनी सातत्यही राखले. ती गोष्ट म्हणजे क्रिकेट. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू तुकोजीरावांच्या काळातच इंदूरच्या सेवेत आले होते. 1941 पासून होळकर संघ रणजी करंडकात उतरू लागला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड यांच्यासारखे खेळाडू त्यात होते. खेळाडूंना संस्थानात नोकरी, पगार आणि सरावाची शाश्वती असे. पोटाची चिंता नसलेला खेळाडू निर्धास्त खेळतो. 1945-46 च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध या संघाने आठ बाद 912 धावांचा डोंगर रचला आणि त्यात सहा जणांची शतके होती. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असे चार करंडक इंदूरला आले. चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना गाठणारा हा संघ एखाद्या उत्तम राखलेल्या इंजिनासारखा वर्षानुवर्षे एका सुरात चालला.

राजकारणात त्यांची पावले अशी निश्चित पडली नाहीत. 1942 मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थीचे आवाहन केले. एका मांडलिक राजाने इंग्रजांना वगळून असे बोलावे, हे धाडसच होते. 1947 मध्ये मात्र विलीनीकरणाच्या प्रश्नावर ते भोपाळच्या नवाबांच्या बाजूने झुकले आणि शेवटच्या दिवसांपर्यंत तळ्यात-मळ्यात करीत राहिले. अखेर सही झाली. मे 1948 मध्ये मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. दोन मराठी घराण्यांचे जुने वैर नव्या राज्यघटनेच्या छपराखाली विसावले.

1956 नंतर त्यांच्याकडे पद उरले नाही. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे 53 वर्षांचे होते.

त्यांच्यामागे संग्रहाची पांगापांग झाली. केशरी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. ब्रांकुशींचे संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचले. माणिकबागेतील सामान 1980 मध्ये मोनॅको येथे लिलावात निघाले आणि महालात केंद्रीय करखात्याचे कार्यालय आले. त्या वस्तू आज सुस्थितीत आहेत, कारण त्यांच्या नव्या धन्यांनी त्यांची निगा राखली. त्या इंदूरच्या राहिल्या नाहीत, एवढेच.

इंदूरकडे राहिले ते निराळे आहे. शहरातील सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय महाराजा यशवंतरावांच्या नावाने चालते आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तिथे रोज रुग्ण येतात. यशवंतसागराचे पाणी शहराला मिळते. क्रिकेटच्या मैदानाला 2010 मध्ये होळकरांचे नाव देण्यात आले. 2022 मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा होळकर संघाच्या शेवटच्या विजेतेपदाला 69 वर्षे होत आली होती. तो आनंद इंदूरइतकाच पांढुर्णा आणि सौंसरचाही होता.

रुग्णालयाच्या खाटा, धरणाचे दरवाजे आणि मैदानाची खेळपट्टी यांना किती मैलांनी तेल बदलायचे, हे सांगणारा दिवा नसतो. ते काम कुणीतरी रोज करावे लागते. यशवंतरावांच्या नावाने आज जे जिवंत आहे, ते अशा अनाम हातांनी राखलेले आहे.